संगणक शाळेत, शिक्षक कंत्राटावर

२०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जाहीर केले की २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचारपद्धती यांची ओळख इयत्ता तिसरीपासून करून देण्यात येईल. ही घोषणा त्याच मंत्रालयाच्या 'यूडायस' अहवालातील आकड्यांशेजारी ठेवून वाचली पाहिजे. २०२४-२५ साली देशात १ लाख ४ हजारांहून अधिक शाळा एकशिक्षकी होत्या आणि त्यांत सुमारे ३४ लाख मुले शिकत होती. संगणकाची सोय ६४.७ टक्के शाळांत होती. म्हणजे दर तीन शाळांपैकी एकीत ती नव्हती. एकशिक्षकी शाळेतला शिक्षक चार-पाच इयत्ता एका खोलीत सांभाळतो, पोषण आहाराचा हिशेब लिहितो, मतदार याद्यांचे काम करतो. त्यानेच आता तिसरीच्या मुलांना कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवावयाची आहे!

अशा घोषणांवर पुरोगामी वर्तुळात नेहमी दोन प्रतिक्रिया उमटतात. पहिली स्वागताची : नवे युग आले, बहुजनांची मुले मागे राहता कामा नयेत. दुसरी उपहासाची : जेथे छप्पर गळते तेथे संगणक कशाला? पहिली प्रतिक्रिया भाबडी आहे आणि दुसरी घातक आहे. कष्टकऱ्यांच्या मुलांना संगणकाचे ज्ञान हवे आहे आणि ते आजच हवे आहे. परंतु गेली चाळीस वर्षे शासनाने त्यांना ज्ञानाच्या नावाखाली यंत्रे दाखविली. त्या यंत्रापुढे उभे राहून शिकविणारा माणूस मात्र दिला नाही. शाळेतील संगणकाचा प्रश्न हा सर्वांत आधी शिक्षकाच्या नेमणुकीचा प्रश्न आहे. एवढे ज्यांच्या ध्यानात येत नाही ते प्रत्येक नव्या घोषणेला टाळ्या तरी वाजवतील किंवा नाके तरी मुरडतील. शासनाला मात्र दोहोंचाही उपद्रव होणार नाही.

चाळीस वर्षांचा हिशेब

१९८४ साली केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला. आरंभी २५० शाळा निवडण्यात आल्या आणि त्यांत 'बीबीसी मायक्रो' हे ब्रिटिश बनावटीचे संगणक ठेवण्यात आले. दशक संपेपर्यंत अशा शाळांची संख्या अडीच हजारांच्या घरात गेली. ब्रिटनमध्ये या यंत्राबरोबर बीबीसीने १९८२ पासून दूरचित्रवाणीवरील मालिका आणि पुस्तके दिली होती. यंत्राला आज्ञा कशा लिहावयाच्या हे सामान्य माणसाला कळावे, हा त्या खटाटोपाचा हेतू होता. भारतात यंत्र आले, तेही इंग्रजी बोलणारे. शिक्षकाच्या वाट्याला अल्पकाळाचे प्रशिक्षण आले.

२००४ साली शाळांत माहिती-तंत्रज्ञान पोचविण्याची केंद्रपुरस्कृत योजना आली, २०१० साली ती सुधारण्यात आली आणि २०१८ साली 'समग्र शिक्षा' अभियानात विलीन झाली. या योजनेने राज्यांना एक सोयीचा मार्ग मोकळा ठेवला होता. त्याचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव 'बूट'. खासगी कंपनीने शाळेत संगणककक्ष उभारावा, पाच वर्षे स्वतःच्या मालकीने चालवावा, शिकविणारा माणूसही स्वतःच आणावा, शासनाने हप्त्याहप्त्याने पैसे द्यावेत आणि मुदत संपल्यावर सारा संसार शाळेच्या हवाली करावा, असा तो व्यवहार. संगणकाचे आयुष्य किती असते? पाच वर्षांनी शाळेच्या पदरात पडते ते जुने झालेले यंत्र. आणि शिकविणारा माणूस? त्याचा करार संपलेला असतो, तो घरी जातो. महाराष्ट्रानेही हाच मार्ग पत्करला, आणि करार संपताच सेवेबाहेर फेकल्या गेलेल्या आयसीटी शिक्षकांवर आंदोलने करण्याची पाळी आली. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलांचे पुढे काय झाले, हे विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही.

सरकारला हे कळत नव्हते असेही नाही. 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' ही अमेरिकेतून निघालेली मोहीम २००६ साली भारताच्या दाराशी आली, तेव्हा वर्गखोल्या आणि शिक्षक यांची निकड अधिक आहे असे सांगून केंद्राच्या शिक्षण खात्याने तिला नकार दिला. पुढे पेरू देशाने ती मोहीम मोठ्या प्रमाणावर राबविली. ग्रामीण भागातील ३१९ प्राथमिक शाळांचा जो अभ्यास झाला त्याचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले : मुलांच्या हाती संगणक आले, गणित आणि भाषा यांतील त्यांच्या प्रगतीत मात्र फरक पडला नाही. भारताचा २००६ चा नकार योग्य ठरला. तथापि तो शहाणपणा टिकला नाही. २०११ च्या ऑक्टोबरात 'आकाश' नावाचा स्वस्त टॅब मोठ्या गाजावाजाने आणण्यात आला आणि थोड्याच वर्षांत तो विस्मृतीतही गेला.

यंत्र का आवडते?

राज्यकर्ते बदलतात, पक्ष बदलतात, मग हीच चूक पुनःपुन्हा का होते? कारण अर्थसंकल्पाच्या दृष्टीने ती चूक नव्हेच. यंत्राची खरेदी हा अनावर्ती खर्च असतो. तो एकदा होतो, मोजता येतो, त्याचे उद्घाटन करता येते, त्याची निविदा निघते आणि निविदेभोवती हितसंबंध गोळा होतात. शिक्षकाचा पगार हा आवर्ती खर्च. तो दर महिन्याला द्यावा लागतो, वेतन आयोगाबरोबर वाढतो, निवृत्तिवेतनाची जबाबदारी मागे ठेवतो. शिवाय शिक्षक संघटना बांधतो आणि प्रश्न विचारतो. संगणक संप करीत नाही. खर्चाला कात्री लावू पाहणाऱ्या शासनाच्या नजरेतून पाहिले तर संगणक हा आदर्श शिक्षक आहे.

महाराष्ट्राने २००० साली शिक्षणसेवक योजना आणली आणि नियमित शिक्षकाचे काम मानधनावर करून घेण्याचा पायंडा पाडला. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ सालापर्यंत महिना सहा हजार रुपये होते. त्या वर्षी ते सोळा हजार झाले. पदवी आणि पदविका घेतलेल्या माणसाला महिना सहा हजार देणारे राज्य 'डिजिटल शाळे'च्या गोष्टी करते, तेव्हा त्या शाळेत कोणाचे श्रम स्वस्त झाले आहेत हे ओळखणे कठीण नाही. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करण्याची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तोच आकडा पुन्हा लिहिला. मधली चोपन्न वर्षे तो आकडा कागदावरच राहिला. या तुटीवर यंत्राचे चकचकीत आवरण घालता येते, हेच यंत्राचे खरे आकर्षण होय.

बाजाराने काय दिले?

शासनाने सोडलेली जागा बाजाराने व्यापली. २०२० साली, टाळेबंदीच्या काळात, मुलांना 'कोडिंग' शिकविणाऱ्या व्हाइटहॅट ज्युनिअर या कंपनीच्या जाहिरातींनी मध्यमवर्गीय पालकांची झोप उडविली. सहा वर्षांच्या मुलाने आज प्रोग्राम लिहिला नाही तर त्याचे भवितव्य बुडाले, असा त्यांचा सूर होता. त्याच ऑगस्टमध्ये बायजूज या कंपनीने ती ३० कोटी डॉलरना विकत घेतली. ऑक्टोबरमध्ये जाहिरात मानक परिषदेच्या आक्षेपानंतर पाच जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. नोव्हेंबरमध्ये एका टीकाकारावर २० कोटींच्या अब्रुनुकसानीचा दावा लावण्यात आला आणि पुढील वर्षी तो मागे घेण्यात आला. भीती विकणाऱ्या धंद्याला टीका सोसत नाही.

हा केवळ मध्यमवर्गाच्या खिशाचा प्रश्न असता तर त्याकडे दुर्लक्ष करता आले असते. परंतु २०२२ च्या जूनमध्ये आंध्र प्रदेश सरकारने याच बायजूजशी करार केला आणि वर्षाअखेरीस आठवीच्या विद्यार्थ्यांना त्या कंपनीचे पाठ भरलेले टॅब वाटण्यास आरंभ केला. त्या वर्षी या कंपनीचे बाजारमूल्य २२ अब्ज डॉलर मानले जात होते. २०२४ च्या जुलैत राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने तिच्याविरुद्धचा नादारीचा अर्ज दाखल करून घेतला. दोन वर्षांत ज्या कंपनीचे अब्जावधींचे मूल्य हवेत विरले, तिच्या हाती एका राज्याने आपल्या सरकारी शाळांतील मुलांचे पाठ सोपविले होते. सरकारी शाळा दिवाळखोरीत निघत नाही. म्हणूनच ती जपावयाची असते.

या व्यवहारात मुलांकडून आणखीही काही घेतले जाते. ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने २०२२ साली ४९ देशांतील दीडशेहून अधिक शैक्षणिक संगणकीय उत्पादने तपासली. त्यांतील बहुसंख्य उत्पादने मुलांच्या हक्कांना बाध येईल अशा रीतीने त्यांची माहिती हाताळीत असल्याचे आढळले. मूल काय वाचते, कोठे अडखळते, किती वेळ पडद्यापुढे बसते, या नोंदी उद्याच्या बाजारपेठेचा कच्चा माल आहेत. पूर्वी वसाहतीतून कापूस जात असे. आता वर्गातून बालपणाच्या नोंदी जातात.

चालविणे आणि जाणणे

यंत्र आणि शिक्षक दोन्ही असूनही काय शिकवले जाते हा प्रश्न उरतोच. बहुसंख्य शाळांत संगणकाचा तास म्हणजे चित्र रंगविणे, मजकूर टंकित करणे, तक्ता भरणे. हे कौशल्य निरुपयोगी नाही; पण ते विकत घेतलेली वस्तू वापरण्याचे कौशल्य आहे. हाच अनुभव इंग्लंडला आला. तेथील रॉयल सोसायटीने २०१२ साली शालेय संगणक-शिक्षणाच्या दुःस्थितीवर अहवाल दिला. जुना अभ्यासक्रम मोडीत निघाला आणि २०१४ च्या सप्टेंबरपासून संगणनशास्त्र हा विषय पाचव्या वर्षापासून अभ्यासक्रमात आला.

संगणनाचे मूळ तत्त्व समजावून घेण्यास पुष्कळदा यंत्रही लागत नाही. एक ते हजार यांमधील एक संख्या मनात धरलेल्या मुलाला प्रत्येक वेळी 'निम्म्याच्या वर की खाली' एवढेच विचारीत गेले, तर दहा प्रश्नांत ती संख्या सापडते. एकेक संख्या विचारीत बसले तर हजाराच्या जवळ प्रश्न लागू शकतात. हे सहावीच्या मुलाला जिल्हा परिषदेच्या शाळेच्या ओसरीवर खडूच्या तुकड्याने शिकविता येते. उंचीप्रमाणे रांगेत उभे राहताना शेजारच्याशी तुलना करून जागा बदलत जाणे, हा क्रमवारी लावण्याचा अल्गोरिदमच आहे. न्यूझीलंडमधील शिक्षकांनी १९९० च्या दशकात यंत्राविना संगणनशास्त्र शिकविण्याची अशी एक संपूर्ण पद्धत रचली. तिला टॅबची निविदा लागत नाही. लागतो तो विषय समजलेला शिक्षक. म्हणूनच ती मंत्र्यांना आवडत नाही.

आणि हे ज्ञान कष्टकऱ्यांच्या मुलाला कशासाठी? घरोघरी खाद्यपदार्थ पोचविणाऱ्या तरुणाला कोणती फेरी मिळावी, तिचे किती पैसे मिळावेत, हे आज अल्गोरिदम ठरवितो. रेशन दुकानात अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारले जाते तेव्हा तेथेही यंत्रातील एक नियमच बोलत असतो. हा नियम आकाशातून पडलेला नाही, तो माणसाने लिहिला आहे, तो बदलता येतो, ही जाणीव ज्याला शाळेत मिळाली तो मुकादमाच्या नव्या रूपाला प्रश्न विचारील. ज्याला फक्त बटण दाबावयास शिकविले तो यंत्राचे उत्तर दैवाज्ञा मानील. कारखाना कायदा कामगाराने समजून घेणे जितके आवश्यक होते तितकेच हेही आवश्यक आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की ज्यांना वाचताच येत नाही त्यांना संगणक कशाला? 'असर' पाहणीप्रमाणे ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा पाठ वाचू शकणारी मुले २०१८ साली ५०.५ टक्के होती. शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ साली ती ४२.८ टक्क्यांवर घसरली आणि २०२४ साली ४८.८ टक्क्यांपर्यंत सावरली. हा आकडा लाजिरवाणा आहे यात शंका नाही. परंतु आधी अक्षर, मग संगणक, असा क्रम लावला तर श्रीमंताच्या मुलाला दोन्ही आणि गरिबाच्या मुलाला एकही नाही, असेच घडते. वरच्यांना ज्ञान द्यावे, ते आपोआप खाली झिरपेल, या सिद्धान्तावर जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात हल्ला केला होता. शेतकऱ्यांच्या श्रमातून निघालेला महसूल उच्च वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हे त्यांचे म्हणणे होते. झिरपण्याचा तो सिद्धान्त आज संगणकाच्या बाबतीत पुन्हा उगवत आहे. ज्या शिक्षकाअभावी मूल वाचू शकत नाही त्याच शिक्षकाअभावी ते संगणनही शिकू शकत नाही. दोन्ही मागण्यांचे मूळ एकच आहे.

आता प्रत्येक घरात फोन आला, म्हणून प्रश्न सुटला, असे म्हणणाऱ्यांनीही 'असर'चाच २०२४ चा अहवाल पाहावा. चौदा ते सोळा वयोगटातील ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी आधीच्या आठवड्यात शिक्षणासाठी तो वापरणारी ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. फोन वापरणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन ३६.२ टक्के मुलांकडे, तर २६.९ टक्के मुलींकडे होता. यंत्र घरात येते तेव्हा घरातील विषमता त्याचा ताबा घेते. शाळेतील यंत्रापुढे मात्र मुलगी आणि मुलगा यांना सारखी पाळी देता येते. पण ती देणारा शिक्षक तेथे हवा.

दुसरा आक्षेप डाव्यांच्या इतिहासाचा. आयुर्विमा महामंडळात १९६० च्या दशकात आणि पुढे बँकांत कर्मचारी संघटनांनी संगणकाला विरोध केला. त्यांच्या वारसांनी आता संगणकावर बोलू नये, असे उजवे टीकाकार म्हणतात. त्या लढ्यांचा मुद्दा रोजगाराचा होता. १९८३ साली बँक संघटनांनी व्यवस्थापनाशी करार करून यांत्रिकीकरणाच्या अटी ठरवून घेतल्या, ही गोष्ट हे टीकाकार सोयीने विसरतात. यंत्र कोणत्या अटींवर येणार हे काम करणाऱ्यांनी ठरवावे, हाच त्या कराराचा धडा आहे. शाळेतही तोच लागू करावयाचा आहे.

केरळचे उदाहरण

या देशात दुसरा मार्ग नाही असे नाही. केरळने २००१ साली 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प सुरू केला. शिक्षक संघटना आणि मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते यांच्या आग्रहामुळे तो एका परदेशी कंपनीच्या प्रणालीच्या जोखडातून बाहेर पडला आणि लिनक्सवर आला. कोणालाही विनामूल्य वापरता येईल, तपासता येईल, मल्याळममध्ये आणता येईल, असे सॉफ्टवेअर शाळांनी स्वीकारले. कंपनीचा निदेशक आणण्याऐवजी सेवेतील गणित-विज्ञानाच्या शिक्षकांनाच प्रशिक्षित करण्यात आले आणि विषय दहावीच्या परीक्षेत आला. २०१७ साली या प्रकल्पाचे 'काइट' या सरकारी कंपनीत रूपांतर झाले; ४५ हजार वर्गखोल्या सुसज्ज झाल्या. २०२० च्या जूनमध्ये शाळा बंद असताना राज्याच्या स्वतःच्या 'व्हिक्टर्स' वाहिनीवरून धडे सुरू झाले. मुलांना एखाद्या कंपनीच्या दारात उभे राहावे लागले नाही. या काळात डाव्या आणि काँग्रेस अशा दोन्ही आघाड्यांची सरकारे येऊन गेली, तरी प्रकल्प मोडला नाही. कारण त्याच्या पाठीशी संघटित शिक्षक उभा होता. केरळमध्ये सारे आलबेल आहे असा याचा अर्थ नव्हे. सार्वजनिक मालकी, नियमित शिक्षक आणि मातृभाषा या तीन पायांवर हे शिक्षण उभे राहू शकते, एवढे मात्र तेथे सिद्ध झाले.

मागणी काय असावी?

महाराष्ट्रात या प्रश्नावर लढा उभारावयाचा तर मागण्या नेमक्या हव्यात. प्रत्येक माध्यमिक शाळेत संगणक शिक्षकाचे मंजूर, वेतनश्रेणीतील पद निर्माण करावे. प्राथमिक शिक्षकांना अशैक्षणिक कामांतून मुक्त करून सेवाकाळातच प्रशिक्षण द्यावे. शिक्षकाच्या पदाला मंजुरी मिळाल्याखेरीज एकाही शाळेसाठी यंत्रांची निविदा काढू नये आणि 'बूट'सारखे करार कायमचे बंद करावेत. सरकारी पैशातून मुक्त सॉफ्टवेअरच वापरावे, पाठ मराठीत असावेत आणि मुलांना देवनागरी कळफलक पहिल्यापासून शिकवावा. मराठी शाळेतील मुलाने मराठी शब्द रोमन अक्षरांतून टंकित करावा, ही शरमेची गोष्ट आहे. मुलांची कोणतीही नोंद खासगी कंपनीच्या हाती जाऊ नये.

यासाठी विधानसभेतील भाषणांची वाट पाहण्याचे कारण नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी त्या समितीत जाऊन चार प्रश्न विचारावेत : शाळेत किती संगणक आले? त्यांपैकी आज किती चालतात? ते कोणत्या कराराने आले आणि किती पैसे दिले गेले? आणि ते शिकविणारा माणूस कोठे आहे? उत्तर मिळाले नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार हाताशी आहे. तालुक्यातील पन्नास शाळांची अशी उत्तरे एका कागदावर मांडली, तर जिल्हा परिषदेच्या दारात मोर्चा नेण्यास दुसऱ्या निमंत्रणाची गरज पडणार नाही. तो कागद तयार करण्याचे काम येत्या जूनमध्ये शाळा उघडताच सुरू व्हावयास हवे.